चाकणहून हाइलब्रॉनला: कोणता व्हिसा, हे तुमचं ऑफर लेटरच सांगतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३३, शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा, त्यानंतर नऊ वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला. जर्मन भाषेची ए-टू (सुरुवातीची दुसरी) पातळी झालीय. जर्मनीतल्या हाइलब्रॉनजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीनं व्हिडिओवर दोन मुलाखती घेऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षाला ४४,५०० युरोची ऑफर दिली आणि ‘व्हिसाचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळी झाली. पुण्यातला एक एजंट साडेचार लाखांत ‘ब्लू कार्ड गॅरंटी’ देतोय. दुसरा म्हणतो, आधी चान्सनकार्टेवर, म्हणजे तिकडे राहून नोकरी शोधायच्या परवान्यावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ. ब्रिटनमध्ये लेस्टरला असलेले मेव्हणे म्हणतात, जर्मनी सोडा, इकडे या. यात माझ्यासाठी योग्य व्हिसा कोणता?

मी अठरा वर्षं पुण्यातून तंत्रज्ञ आणि इंजिनियर लोकांच्या परदेशच्या फायली करतोय, बहुतेक जर्मनीच्याच. आधी एका कंपनीच्या एचआरमध्ये होतो, आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे. तेव्हा माझंही पोट याच धंद्यावर आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी प्रश्न थोडा फिरवून घेऊ. सगळे जण व्हिसा निवडायचा असतो असं धरून चालतात, जसं मोबाइलचं पॅक निवडतो तसं. जर्मनीत तसं होत नाही. तुमचं शिक्षण, अनुभव, करारात लिहिलेलं काम आणि पगार या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की तुम्ही कायद्याच्या कोणत्या कलमात बसता ते आपोआप ठरतं. कधी एकाच कलमात बसता, कधी दोन-तीन कलमांत, कधी कशातच नाही. तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. ऑफर आली तेव्हा ती एका कलमात अगदी चपखल बसत होती. १ जानेवारीला ती त्यातून बाहेर पडली, अवघ्या ११३० युरोंनी. हे ना कंपनीच्या लक्षात आलंय ना एजंटच्या.

कसं ते सांगतो, पण आधी एजंटांचे दोन सल्ले बाजूला करू.

ब्लू कार्ड हा तिकडे राहून काम करायचा परवाना मुळात पदवीधरांसाठी आहे. २०२६ साठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा ५०,७०० युरो आहे. इंजिनियरसारख्या टंचाईच्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ती ४५,९३४ युरो २० सेंट. मात्र पगार हा पुढचा मुद्दा, आधी पदवी हवी. तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा सर्वसाधारणपणे तिथल्या पदवीच्या बरोबरीचा धरत नाहीत. पदवी नसताना ब्लू कार्ड मिळण्याची वाट फक्त आयटीवाल्यांना आहे, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा तोडीचा अनुभव असेल तर. तुम्ही मेंटेनन्सचे. मग तो एजंट गॅरंटी कशाच्या जिवावर देतोय? एक तर त्याला नियम माहीत नाहीत, नाही तर तो तुमच्या फायलीत एखादी पदवी ‘बसवणार’ आहे. हे मी हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एक मुलगा नकाराचं पत्र घेऊन माझ्याकडे आला होता. कुणा एजंटनं त्याला परराज्यातल्या एका विद्यापीठाची नियमित अभ्यासक्रमाची बी. टेक. आणून दिली होती. त्याच चार वर्षांत हा रांजणगावला रात्रपाळी करत होता आणि ती रात्रपाळी त्याच्याच बायोडाटात लिहिलेली होती! त्याला मी काहीच मदत करू शकलो नाही. खोट्या कागदाची नोंद एकदा झाली की पुढच्या खऱ्या अर्जाकडेही संशयानंच बघतात.

चान्सनकार्टे जून २०२४ पासून सुरू झालं. सहा गुण जमवायचे, एक वर्ष तिकडे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला वीस तासांपर्यंत अर्धवेळ काम करायचं. शिवाय राहण्या-खाण्याची सोय दाखवायला बंद खात्यात पैसे अडकवून ठेवायचे. २०२५ मध्ये हा आकडा महिन्याला १,०९१ युरो होता, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांवर. ज्याच्याकडे ऑफर नाही त्याला ही सोय चांगली आहे, मी स्वतः काही जणांना सुचवलीय. पण ऑफर खिशात असताना चान्सनकार्टे काढणं म्हणजे साखरपुडा झाल्यावर वधू-वर सूचक मंडळात नाव घालणं. पूर्णवेळ काम त्यावर करता येणार नाही, म्हणजे कंपनी थांबणार, तिकडे जाऊन परवाना बदलायच्या रांगेत तुम्ही उभे राहणार, आणि त्यासाठी जे कागद लागतील ते आज इथून लागणारेच कागद असतील.

लेस्टरच्या मेव्हण्यांना नमस्कार सांगा, पण त्यांची माहिती जुनी आहे. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला नोकरी पदवीच्या पातळीची लागते, पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पाउंड झालीय, आणि केअर वर्करची परदेशातून नवी भरती त्याच दिवशी बंद झाली. पातळीखालच्या काही पदांना तात्पुरती सूट आहे, पण तिथंही परवानाधारक मालकाची स्पॉन्सरशिप आधी लागते. तुमच्याकडे ब्रिटनची ऑफरच नाही, त्यामुळे तो विषय इथंच संपवू.

आता तुमच्या कामाची वाट. १ मार्च २०२४ पासून जर्मनीनं अनुभवावर आधारलेली एक वाट खुली केली. एजंट लोक तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत, कारण तिला छानसं नाव नाही. निवास कायद्याचं कलम १९ सी, उपकलम दोन एवढीच तिची ओळख. अटी अशा: तुमच्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी, गेल्या पाच वर्षांत त्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि ज्या कमाल वार्षिक पगारापर्यंत तिकडे पेन्शनची वर्गणी कापतात त्याच्या किमान ४५ टक्के पगार. डिप्लोमाची जर्मनीत बरोबरी सिद्ध करावी लागत नाही. आपल्या तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमा भारतात सरकारमान्य आहे, एवढंच परदेशी शिक्षण तपासणाऱ्या बॉनच्या झेड-ए-बी या संस्थेकडून लिहून आणायचं. कायद्यानं भाषेची अट नाही. ए-टू झालंय ते मशीनशेजारी उभं राहून बोलायला कामी येईल.

पगाराची ती ४५ टक्क्यांची मर्यादा दर जानेवारीत बदलते. २०२५ मध्ये ती ४३,४७० होती, तुमचे ४४,५०० तिच्यावर होते. २०२६ मध्ये ती ४५,६३० झाली. तुमची ऑफर तीच राहिली आणि उंबरठा वर सरकला. अर्ज आता जाणार, म्हणून आकडाही आताचाच लागू. माझ्याकडे दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत अशा दोन-तीन फायली येतात: ऑफर दिवाळीच्या सुमारास आलेली, नोटीस पिरियड, गावाकडचं लग्न, ‘नवीन वर्षात बघू’ आणि मग हे. पुढच्या वर्षीही मर्यादा वाढेल, हे धरून चाला.

पण घाबरू नका. याला एक सवलत आहे आणि तुमचं सगळं गणित तिथं येऊन थांबतं. कंपनी कामगार संघटनेशी झालेल्या सामूहिक वेतनकराराला बांधलेली असेल, जर्मन भाषेत ‘टॅरिफगेबुन्डन’, आणि तुम्हाला त्या कराराप्रमाणे पगार देत असेल, तर ४५,६३० ची अट लागूच होत नाही. हाइलब्रॉन बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे. धातू आणि वाहन उद्योगाच्या त्या पट्ट्यात आय-जी मेटाल ही संघटना जबरदस्त आहे. म्हणून सवलत मिळण्याची शक्यता मी सोडून देणार नाही, पण मध्यम आणि छोट्या कंपन्यांपैकी कितीतरी या कराराबाहेर असतात. हे मला इथून सांगता येणार नाही, कंपनीलाच विचारायला लागेल. अंदाज बांधायला करारातला कामाच्या तासांचा रकाना बघा. धातू उद्योगाच्या टॅरिफमध्ये आठवड्याचे ३५ तास असतात आणि पगार एखाद्या ठरावीक वेतनगटात बसवलेला असतो. तुमच्या करारात ४० तास असतील, वेतनगटाचा उल्लेख नसेल आणि नुसता एक गोळाबेरीज आकडा असेल, तर बहुधा टॅरिफ नाही.

नसेल तर? मग सरळ पगारवाढ मागायची. फरक वर्षाला ११३० युरो, महिन्याला ९५ च्या आत. मुलाखत देऊन आपली निवड झालीय, आता पैशांचं कसं बोलायचं, असं आपल्याकडच्या मुलांना वाटतं. तिकडच्या एचआरला त्यात काही वावगं वाटत नाही. ‘व्हिसाची कायदेशीर मर्यादा २०२६ मध्ये ४५,६३० आहे, करारात तेवढा निश्चित पगार लिहाल का?’ एवढं एक वाक्य पुरतं. मी हे वाक्य लिहून दिलेल्या बहुतेकांना होकार आला, कारण माणूस निवडल्यावर नव्वद युरोंसाठी पुन्हा भरती करणं त्यांना परवडत नाही. फक्त ‘निश्चित’ हा शब्द गाळू नका. शिफ्ट भत्ता, ओव्हरटाइम, बोनसची शक्यता हे सगळं मिळवून आकडा गाठला तर तो धरत नाहीत. खात्रीनं मिळणारा पगारच मोजतात. आणि मागायचेच असतील तर थेट ४६,००० मागा, काठावर कशाला उभं राहायचं.

हाती किती पडतील, हे तुम्ही विचारलं नाही, पण साडेचार लाखांचा हिशोब करायला उपयोगी पडेल. एकट्या माणसाला ४५ हजारांच्या आसपासच्या पगारात कर आणि विमे कापून महिन्याला साधारण अडीच हजार युरो हातात येतात. त्यातून घरभाडं जातं.

समजा कंपनी टॅरिफमध्येही नाही आणि पगारही वाढवत नाही. तरी तुमचं ए-टू वाया जात नाही. त्याच मार्च २०२४ मध्ये आलेली दुसरी वाट आहे, ‘मान्यता भागीदारी’. तुम्ही आणि कंपनी मिळून लेखी ठरवता की तिकडे पोहोचल्यावर डिप्लोमाच्या मान्यतेची प्रक्रिया सुरू करू आणि कमी पडेल ते प्रशिक्षण पुरं करू. काम पहिल्या दिवसापासून करता येतं, पगाराला वर सांगितलेली ती मर्यादा नाही, मात्र त्याच कामाच्या जर्मन माणसापेक्षा कमी पगार चालत नाही. भाषेची किमान पातळी ए-टू, ती तुमच्याकडे आहे. परवाना मुदतवाढ धरून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. गोम एकच: कंपनीला माणसं शिकवून तयार करण्याचा अनुभव हवा आणि तिनं ती जबाबदारी लेखी घ्यायला हवी. जी कंपनी ‘व्हिसाचं तुम्ही बघा’ म्हणते ती हे कितपत घेईल, मला शंका आहे. म्हणून ही माझी दुसरी पसंती.

तिसरी वाट जुनी आणि भक्कम: इथं बसूनच आधी डिप्लोमाची पूर्ण मान्यता घ्यायची आणि कुशल कामगार म्हणून कलम १८ ए खाली जायचं. तुमच्या व्यवसायाचे मान्यतेचे अर्ज न्युर्नबर्गच्या आय-एच-के फोसा या संस्थेकडे जातात. शुल्क साधारण १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान. या वाटेत तुमच्या वयाला पगाराची किमान मर्यादा नाही. पण काही महिने जातात, आणि निकाल अनेकदा ‘अंशतः मान्य’ असा येतो. तेवढा वेळ कंपनी ऑफर धरून ठेवेल का?

माझा सल्ला असा: अनुभवाच्या वाटेनं जा, पण फोसाचा अर्जही लगेच टाका, दोन्ही समांतर चालू द्या. कारण सांगतो, हे सहसा कुणी सांगत नाही. पूर्ण मान्यता असलेल्या कुशल कामगाराला कायम निवासासाठी त्याच परवान्यावर तीन वर्षं पुरतात. अनुभवाच्या कलमावर राहिलात तर सर्वसाधारण नियम लागतो, पाच वर्षं. आणि तीन वर्षांचं ते घड्याळ तुम्ही १८ ए वर आलात की सुरू होतं, जर्मनीत उतरलात त्या दिवशी नाही. जे गेल्यावर ‘बघू निवांत’ म्हणतात ते पाचव्या वर्षी मला फोन करतात.

कागदांबद्दल. डिप्लोमाचं प्रमाणपत्र आणि सहा सत्रांच्या गुणपत्रिका तुमच्याकडे असतीलच. चाकणवाल्यांची फाईल अडते ती अनुभवपत्रावर. नऊ वर्षांतली पहिली काही वर्षं तुम्ही ठेकेदाराच्या पे-रोलवर होतात का? बहुतेक जण असतात. मग पत्र ठेकेदाराच्या लेटरहेडवर येतं, त्यावर ‘वर्कर’ किंवा ‘हेल्पर’ लिहिलेलं असतं, आणि ज्या मशीनवर तुम्ही आयुष्य काढलं तिचा उल्लेखही नसतो. सुदैवानं या वाटेला शेवटच्या पाच वर्षांतली दोन वर्षंच लागतात, म्हणून कायम झाल्यानंतरच्या काळावर भर द्या. पत्रात कामाचं वर्णन मागून घ्या: सीएनसी मशीनची प्रतिबंधात्मक देखभाल, हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक बिघाड काढणं, पीएलसीवरचे दोष वाचणं, जे खरं असेल ते. एचआर ठरलेल्या साच्यापलीकडे पत्र देत नसेल तर मेंटेनन्स मॅनेजरकडून कंपनीच्या लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या, सोबत पगारपत्रकं आणि पीएफचं पासबुक जोडा. पीएफची नोंद कुणी मागत नाही, पण नोकरीच्या तारखा त्यातून पक्क्या होतात, म्हणून मी प्रत्येक फायलीला लावतो.

कंपनीकडून दोन कागद लागतात. एक करार. दुसरा ‘रोजगार संबंधाची घोषणा’ हा सरकारी फॉर्म, जो मालकानंच भरून सही करायचा असतो. या फॉर्मवर जर्मन रोजगार संस्था ठरवते की काम कुशल आहे का आणि पगार त्या भागातल्या दराला धरून आहे का. माझ्या हातून गेलेली एक फाईल इथंच पडली. करारात पद ‘मेंटेनन्स टेक्निशियन’, फॉर्ममध्ये कंपनीतल्या कुणी तरी घाईत लिहिलं ‘उत्पादन सहायक’. मी फॉर्म न वाचता जोडला होता. तेव्हापासून दोन्ही कागद शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून बघतो, तुम्हीही बघा. पूर्वी नकार आला तर वकिलातीकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नकारानंतर नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं.

कंपनीची तयारी असेल तर तिनं रोजगार संस्थेकडून आधीच संमती घेऊन ठेवावी, त्याला शुल्क नाही. आणखी घाई असेल तर तिकडच्या संबंधित परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करता येते. मग वकिलातीची भेट तीन आठवड्यांच्या आत आणि त्यानंतरचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत, असं वेळापत्रक कायद्यात आहे. हे दोन्ही अर्ज मालकानं करायचे असतात. ‘व्हिसाचं तुम्ही बघा’ याला उत्तर द्यायचं ते इथं.

आता ते साडेचार लाख. महाराष्ट्राच्या फायली मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. राष्ट्रीय व्हिसाचं शुल्क ७५ युरो. भेटीची वेळ घ्यायला पैसे पडत नाहीत, कुणी ‘स्लॉट’ विकत असेल तर उठून या. परदेशी नोकरीची भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. नोंदणी आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत कळतं. ‘आम्ही भरती करत नाही, फक्त सल्ला देतो’ अशी पळवाट अनेक जण काढतात. असू द्या, सल्ल्याचे पैसे आम्हीही घेतो. पण तुमची नोकरी तुम्हीच मिळवलीय. उरलंय ते फॉर्म भरणं आणि कागद लावणं, त्याची किंमत साडेचार लाख कशी होईल?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्याचाही दाखला एक एजंट देतो असं तुम्ही लिहिलंय. करार खरा आहे. त्यानं वेगळा व्हिसा तयार होत नाही. त्यातून जाणाऱ्यालाही याच कलमांतून जायचंय.

मधल्या काळात राजीनामा देऊ नका. व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत नाही. करारात रुजू होण्याची तारीख ‘व्हिसा मिळाल्यानंतर’ अशी घालून घ्या.

आणि आज रात्रीच कंपनीला मेल टाका, जर्मनमध्ये जमेल तेवढी, उरलेली इंग्रजीत. चार गोष्टी विचारा: तुम्ही टॅरिफला बांधलेले आहात का आणि असाल तर मी कोणत्या वेतनगटात, नसाल तर निश्चित पगार ४६,००० कराल का, रोजगार घोषणेचा फॉर्म कोण भरणार, रोजगार संस्थेची आगाऊ संमती घ्याल का. उत्तर आलं की टॅरिफबद्दल काय म्हणाले तेवढं मला इथंच कळवा, पुढचं त्यावर ठरेल.